क्रूझचं भाडं चढलंय: बुकिंग लवकर करा, नजर शेवटच्या हप्त्यापर्यंत ठेवा

जहाज सुटायला दोन-तीन आठवडे उरले की रिकाम्या केबिन पडेल भावात काढून टाकायच्या, असा क्रूझ कंपन्यांचा खाक्या असायचा. त्यामुळे ‘थांबा, शेवटी स्वस्त मिळेल’ हा सल्ला तेव्हा चालून जायचा. आता बहुतेक वेळा तो महागात पडतो.

कारण सरळ आहे. मार्च २०२० मध्ये जगभरची जहाजं बंदराला लागली. अमेरिकेतून पैसे भरलेले प्रवासी घेऊन पहिलं मोठं जहाज पुन्हा निघालं ते २६ जून २०२१ ला, फ्लोरिडातल्या फोर्ट लॉडरडेलहून. मधल्या पंधरा महिन्यांत कमाई जवळपास शून्य, पण देखभाल आणि व्याज चालूच. एकट्या कार्निव्हल या क्रूझ समूहाचं कर्ज ३० अब्ज डॉलरच्या पुढे गेलं. ‘फॅन्टसी’, ‘इन्स्पिरेशन’, ‘इमॅजिनेशन’ ही त्यांची जुनी, स्वस्तातली जहाजं तुर्कस्तानात आलियागाला तोडली गेली. मुंबईहून फिरणारी जलेश कंपनीची ‘कर्णिका’ गुजरातेत अलंगला तोडायला गेली. २०२१-२२ मध्ये अर्धी रिकामी जहाजं भरायला कंपन्यांनी दर पाडले होते. ते दिवस संपले. २०१९ मध्ये जगभरात २.९७ कोटी लोकांनी क्रूझ केली होती, २०२३ मध्ये ३.१७ कोटींनी आणि २०२४ मध्ये ३.४६ कोटींनी. केबिन आधीच भरतात, आणि उरलेल्यांचा दर तारीख जवळ येईल तसा चढतो.

तरीही स्वस्तात जाता येतं. फक्त एक गोष्ट पक्की लक्षात ठेवायची: तुमचा दर बुकिंगच्या दिवशी ठरत नाही, शेवटचा हप्ता भरायच्या दिवशी ठरतो. मधले सगळे महिने तुमच्या हातात असतात.

दर उतरला की पकडायचा कसा

सहा ते बारा महिने आधी बुकिंग करा, आणि डिपॉझिट परत मिळणारं घ्या. ‘नॉन-रिफंडेबल’ भाडं थोडं कमी दिसतं, पण बेत बदलला की डिपॉझिट जातं किंवा माणशी दंड बसतो. तारखा पक्क्या नसतील तर तो फरक वाचवू नका. शेवटचा हप्ता साधारणपणे जहाज सुटायच्या ७५ ते १२० दिवस आधी भरावा लागतो. नेमकी तारीख कंपनी आणि क्रूझच्या लांबीवर ठरते, ती तुमच्या पावतीवर छापलेली असते. ती तारीख आणि तिच्या दहा दिवस आधीची तारीख, दोन्हींची आठवण मोबाइलमध्ये लावा.

बुकिंग झालं की पाच गोष्टी एका जागी लिहून ठेवा: केबिनच्या श्रेणीचा कोड (फक्त ‘बाल्कनी’ नव्हे, पावतीवरचा अक्षर-आकड्यांचा कोड), भाड्याच्या योजनेचं नाव, करासकट एकूण रक्कम, जहाजावर खर्चायला मिळालेलं क्रेडिट आणि रद्द करण्याच्या अटी. मग आठवड्यातून एकदा त्याच जहाजाचं, त्याच तारखेचं, तेवढ्याच माणसांचं नवं बुकिंग करत असल्यासारखं पैसे भरायच्या पानापर्यंत जा आणि एकूण रक्कम बघा. पहिल्या पानावरच्या ‘पासून’ दराशी तुलना करू नका. तो सगळ्यात छोट्या, आतल्या केबिनचा असतो.

रक्कम कमी दिसली तर कंपनीला किंवा एजंटला फोन करून त्याच केबिनचा दर नव्या भाड्याला लावून मागा. इथे घाई नडते. नवा दर घेतला की जुन्या योजनेत मिळालेलं क्रेडिट बहुतेकदा जातं. भाडं १२० डॉलरने उतरलं आणि १५० डॉलरचं क्रेडिट गेलं, तर तुम्ही ३० डॉलर गमावलेत. म्हणून आधी दोन्हींची वजाबाकी, मग होकार. बदल झाला की नवी पावती मागवून ओळ न् ओळ तपासा.

शेवटचा हप्ता भरल्यावर पैसे सहसा परत मिळत नाहीत. तेव्हा दर फारच पडला तर वरच्या श्रेणीची केबिन किंवा क्रेडिट मागून पाहा. ते देणं कंपनीच्या मर्जीवर असतं, पण मागितल्याशिवाय कोणी देत नाही.

एजंटमार्फत बुकिंग केलं असेल तर कंपनी तुमच्याशी थेट व्यवहार करत नाही, एजंटकडेच पाठवते. त्यामुळे पैसे देण्याआधी त्याला सरळ विचारा: दर उतरला तर तुम्ही तो लावून द्याल का, आणि त्याची फी किती? टाळाटाळ करणारा एजंट सोडा. चांगल्या एजंटचा फायदाही मोठा असतो: त्याच्याकडे गटाच्या दराने अडवून ठेवलेल्या केबिन असतात, आणि आपल्या कमिशनमधून तो थोडं क्रेडिटही देऊ शकतो.

जाहिरातीतला आकडा आणि खरा खर्च

समजा, सात रात्रींच्या कॅरिबियन क्रूझचं भाडं कर सोडून माणशी ७९९ डॉलर आहे. रात्रीचे ११४ डॉलर झाले. आता बंदराचे शुल्क आणि कर १५० धरा. टिप (ती बिलात आपोआप लागते) दिवसाला साडेअठरा डॉलर, म्हणजे सात दिवसांचे १२९.५०. वाय-फाय दिवसाला २० धरलं तर १४०. बेरीज १,२१८.५०, रात्रीला १७४ डॉलर. दोन जहाजांची तुलना करायची ती या शेवटच्या आकड्यावर. अमेरिकेत जुलै २०२४ पासून, कॅलिफोर्नियाच्या कायद्यामुळे, मोठ्या कंपन्या कर आणि बंदर शुल्क धरूनच दर दाखवतात, पण टिप त्यात नसते. बाकी देशांच्या संकेतस्थळांवर कर वेगळे असू शकतात, तेव्हा दोन देशांचे दर तसेच शेजारी ठेवून बघू नका.

मोठ्या अमेरिकी कंपन्यांवर साध्या केबिनला टिप दिवसाला माणशी साधारण १६ ते २० डॉलर असते. ‘मुलं फुकट’ या योजनेत फक्त भाडं फुकट असतं. मुलांचे कर लागतातच, आणि अगदी लहान बाळं सोडली तर बऱ्याच ठिकाणी टिपही पूर्ण लागते. तरी तिसऱ्या-चौथ्या पलंगाचं भाडं कमी असल्यामुळे चौघांचं कुटुंब एका केबिनमध्ये बसवणं दोन केबिनपेक्षा बहुतेकदा स्वस्त पडतं. मात्र चार जणांच्या केबिन मोजक्या असतात आणि सगळ्यात आधी संपतात. एकट्याने जाणाऱ्याला बहुधा दोघांचं भाडं भरावं लागतं. खास एकट्यांसाठीच्या केबिन आहेत का, ते आधी बघा.

दारूचं पॅकेज घेण्याआधी अट वाचा. बऱ्याच कंपन्यांत एका केबिनमधल्या एका मोठ्या माणसाने घेतलं की दुसऱ्यालाही घ्यावं लागतं, आणि वर १८ ते २० टक्के सेवाशुल्क बसतं. न पिणाऱ्या जोडीदाराचे पैसे असेच वाया जातात. वाय-फाय, पॅकेज, सहली या गोष्टी आधीच ऑनलाइन घ्या; जहाजावर त्या महाग मिळतात. नोव्हेंबर अखेरच्या सेलमध्ये त्याच स्वस्त दिसल्या आणि रद्द करायची मुभा असेल, तर जुन्या रद्द करून पुन्हा घ्या.

बंदरांवरचे नवे कर विसरू नका. ग्रीसने २०२५ च्या उन्हाळ्यापासून सांतोरिनी आणि मिकोनोसला उतरणाऱ्यांवर हंगामात माणशी २० युरो लावले आहेत.

कधी आणि कुठे

जानेवारी ते मार्च हा कंपन्यांच्या सवलतींचा मुख्य हंगाम. तेव्हा भाडं फार उतरत नाही, पण क्रेडिट, वाय-फाय, कमी डिपॉझिट अशा गोष्टी पदरात पडतात.

कॅरिबियनमध्ये सप्टेंबर-ऑक्टोबर आणि थँक्सगिव्हिंग (नोव्हेंबरअखेरचा अमेरिकी सण) ते नाताळ यांमधले आठवडे स्वस्त. सप्टेंबर-ऑक्टोबर स्वस्त असण्याचं कारण चक्रीवादळं. हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर. जहाज सहसा वादळाला वळसा घालतं, पण बंदरं बदलतात. ठराविक बेटच पाहायचं असेल तर हे आठवडे टाळा.

सगळ्यात कमी रात्रदर मिळतो तो जहाज हंगाम बदलून एका समुद्रातून दुसऱ्या समुद्रात जातं तेव्हा. एप्रिल-मेमध्ये फ्लोरिडाहून युरोपकडे, शरद ऋतूत उलट. दहा ते पंधरा रात्री, त्यातले बरेच दिवस नुसता समुद्र. पण विमानाचं तिकीट एकेरी लागतं आणि तेच सगळी बचत खाऊ शकतं, म्हणून आधी विमान बघा, मग जहाज.

सिंगापूरहून निघणाऱ्या तीन-चार रात्रींच्या क्रूझ आपल्याकडच्या कुटुंबांना सोयीच्या. तिथल्या शाळांची सुट्टी मेच्या अखेरीस सुरू होऊन जूनभर चालते. आपल्या मुलांना मेच्या पहिल्या तीन आठवड्यांत सुट्टी असतेच; तेव्हाच्या तारखा आधी तपासा. मुंबईहून सप्टेंबर २०२१ पासून कॉर्डेलिया कंपनीची ‘एम्प्रेस’ गोवा, लक्षद्वीपकडे जाते. इथे पर्याय मोजके असल्याने दर तारखेवरच हलतो: दिवाळी, नाताळ आणि शनिवार-रविवार सोडून आठवड्याच्या मधली फेरी घ्या.

केबिन कुठलीही चालत असेल तर ‘गॅरंटी’ केबिन घ्या: श्रेणी ठरलेली, नंबर कंपनी देते. ती नाइटक्लबच्या खाली किंवा नांगराजवळ येऊ शकते. झोप हलकी असेल किंवा समुद्र लागत असेल तर चार पैसे जास्त देऊन खालच्या मजल्यावरची, जहाजाच्या मधली केबिन निवडा.

स्वस्त क्रूझ इथे महाग होते

व्हिसा. अमेरिकी कायद्यामुळे परदेशी झेंड्याच्या (परदेशात नोंदलेल्या) जहाजाला सिएटलहून अलास्काला जाताना मध्ये परदेशी बंदर घ्यावंच लागतं, म्हणून ते बहुतेकदा कॅनडातल्या व्हिक्टोरियाला थांबतं. भारतीय पासपोर्टवर अमेरिकेबरोबर कॅनडाचाही व्हिसा लागतो. युरोपात जहाज मध्येच तुर्कस्तानला किंवा ब्रिटनला जाऊन परत येत असेल तर शेंगेन व्हिसा एकाहून अधिक प्रवेशांचा हवा. कागद अपुरे असतील तर चढूच देत नाहीत आणि पैसेही परत मिळत नाहीत.

विमान. ज्या दिवशी जहाज सुटतं त्याच दिवशी पोहोचणारं तिकीट काढू नका. चढण्याचं दार सुटायच्या तास-दीड तास आधी बंद होतं आणि जहाज थांबत नाही. आदल्या रात्रीचं हॉटेल हा क्रूझचाच खर्च धरा.

कार्ड. डॉलरमध्ये पैसे भरलेत तर बऱ्याच भारतीय कार्डांवर २ ते साडेतीन टक्के चलन शुल्क आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. भारतातल्या एजंटकडून परदेशी पॅकेज घेतलं तर टीसीएस, म्हणजे विकणाऱ्याने आगाऊ घेतलेला प्राप्तिकर, लागतो. तो बुडत नाही, विवरणपत्रात वळता होतो, पण तेवढी रक्कम काही महिने अडकते. टीसीएसचा दर अर्थसंकल्पात बदलू शकतो, तेव्हा चालू वर्षाचा विचारून घ्या.

आणि रद्द झालेली फेरी. कंपनीने फेरी रद्द केली तर ती दोन पर्याय देते: पैसे परत, किंवा पुढच्या क्रूझसाठी थोडं वाढीव क्रेडिट. २०२० मध्ये अनेक कंपन्यांनी भरलेल्या रकमेच्या १२५ टक्के क्रेडिट दिलं आणि अनेकांना ते मोहात पाडून गेलं. जलेश त्याच वर्षी बंद पडली, क्रूझ चालवणारी ‘गेंटिंग हाँगकाँग’ ही कंपनी जानेवारी २०२२ मध्ये कोसळली. कंपनीच नसेल तर क्रेडिट वापरणार कुठे? रोख परतावा मागा, तो लेखी मागा. पैसे क्रेडिट कार्डावरून भरलेले असतील तर परतावा अडला तेव्हा बँकेकडे तक्रार करता येते; एजंटच्या खात्यात थेट पाठवलेल्या रकमेला तो मार्ग नाही.