दगडाची वाटी कोरायची तर आधी आतून सुरू करा

आपल्या नागपुरात पायाखाली जो काळा दगड दिसतो तो उचलून सुरुवात करू नका. तो बेसाल्ट, पाटा-वरवंट्याचा दगड, त्याला पाथरवटाचाच हात पाहिजे, आपल्या तळहाताला फोड येतात अन् दगडावर नुसता पांढरा ठिपका. कामठीकडचा वाळूचा दगड सोपा वाटतो पण त्याची धूळ म्हणजे सिलिका, फुप्फुसं खाते. सोपस्टोन घ्या, म्हणजे शंखजिरं. वेल्डिंगवाले लोखंडावर खुणा करायला पांढरी कांडी वापरतात ना, तेच. वीतभर लांबरुंद, चार बोटं जाड तुकडा पुरे. हातोडीनं हलकं टिचकवून बघा, टण्ण वाजला तर घ्या, भद्द वाजला तर आत चीर आहे.

टाकी लागेल (कूलरची नाही बे, दगड घडवायची), अर्धा किलोची हातोडी, जुनी कानस, वॉटर पेपर (पाण्यात भिजवून घासायचा पॉलिश पेपर).

मी पहिल्यांदा बाहेरचा गोल आधी केला, मस्त झाला, मग फरशीवर ठेवून आत टाकी मारली तर तिसऱ्याच ठोक्याला काठाचा अर्धा चंद्र सुटून पलंगाखाली गेला. बाहेर जाड दगड असला की तो ठोका झेलतो, म्हणून आधी आतून. ठोकळा वाळूनं अर्ध्या भरलेल्या पोत्यावर बसवा. पेन्सिलनं गोल काढा, काठाला बोटभर जागा सोडा, मधोमध हँड ड्रिलनं भोक पाडा, तळाला इंचभर दगड राहील अशा बेतानं बिटवर टेप गुंडाळून. मग टाकी तिरपी धरून जवळजवळ सऱ्या पाडायच्या, शेतात पाडतो तशा, अन् मधले वरंबे आडवे ठोकून उडवायचे. टोक कायम भोकाकडे. काठाकडे एकदाही नाही.

पोट झालं की बाहेरून कानस. अंगठा आत, बोट बाहेर ठेवून चिमटीत फिरवत राहा, जाड कुठं राहिलं ते डोळ्याआधी बोटाला कळतं.

धूळ मात्र हलक्यात घेऊ नका, काही सोपस्टोनमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस (फुप्फुसाला घातक तंतू) पण असतं, त्याला एन-95 मास्क पुरत नाही, म्हणून अ‍ॅस्बेस्टॉस नसलेलाच दगड घ्या. तरी साध्या धुळीसाठी एन-95 लावा, दगड ओला ठेवा अन् मे महिना असला तरी कूलरसमोर बसू नका, घरभर पीठ होईल.

शेवटी ओला वॉटर पेपर, 120, 220, 400, 600 नंबरचा, खरखरीतपासून बारीककडे असा. वाळल्यावर थोडं खोबरेल चोळा, राखाडी दगड लगेच गडद होतो अन् तोवर लपलेले सगळे ओरखडे तेव्हाच दिसतात. मग तेल पुसायचं अन् परत 220 पासून.