गाडी अचानक जास्त पेट्रोल प्यायला लागली? या चुका टाळा

गेल्या पावसाळ्यानंतर माझ्या गाडीचं ॲव्हरेज १७ वरून १२ वर आलं. गॅरेजला जाऊन "एकदा सगळं बघून टाका" म्हटलं. प्लग बदलले, एअर फिल्टर बदलला, इंजेक्टर साफ झाले. बिल भरलं आणि ॲव्हरेज जिथल्या तिथे. दुखणं इंजिनात नव्हतंच. पुढच्या डाव्या चाकाचा ब्रेक धरून बसला होता. एवढा खर्च वाया गेला, तो तुमचा जाऊ नये म्हणून हे लिहिते आहे.

न मोजता गॅरेज गाठणं

"हल्ली पाचशेचं पेट्रोल चार दिवसांत संपतं" हे मोजमाप नव्हे. डॅशबोर्डवरच्या आकड्यावरही विसंबू नका, तो बऱ्याचदा जरा चढाच असतो. ऑटो-कट होईपर्यंत टाकी फुल्ल करा, ट्रिप मीटर शून्यावर आणा, नेहमीसारखी गाडी चालवा. तीनशे-चारशे किलोमीटरनंतर त्याच पंपावर पुन्हा ऑटो-कटपर्यंत भरा, त्यापुढे थेंबही नको. माझं ४१२ किलोमीटरला ३३.६ लिटर गेलं, म्हणजे लिटरला सव्वाबारा. असं दोनदा करा. एका टाकीत लग्नाच्या गर्दीतून दोन फेऱ्या झाल्या असतील तर आकडा फसवतो.

आणि दिनक्रम बदललाय का तेही बघा. एसी लावून उभी असलेली गाडी तासाला साधारण लिटरभर पेट्रोल जाळते. मुलांच्या शाळेबाहेर रोज वीस मिनिटं थांबत असाल, तर महिन्याला सात-आठ लिटर तिथेच गेलं. दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्याच जास्त असतील तरी तेच, कारण इंजिन गरम होईपर्यंत पेट्रोल जास्त जातं. यात गाडीचा काही दोष नाही.

चाकं सोडून इंजिनाच्या मागे लागणं

ही चूक सगळ्यात महागात पडते. चाकाच्या डिस्कवर ब्रेकचे पॅड दाबणारा भाग म्हणजे कॅलिपर. त्याच्या पिनांवरचं रबर फाटलेलं असेल तर पावसात आत चिखलपाणी शिरतं, ग्रीस सुकतं आणि पिन सरकत नाही. ब्रेकवरून पाय काढला तरी पॅड डिस्कला घासत राहतो. हँडब्रेक ओढून गाडी महिनाभर पावसात उभी राहिली, तर मागच्या चाकांचंही हेच होतं.

ओळखायला स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधली माहिती वाचणारं गॅरेजचं यंत्र) लागत नाही. मोकळ्या रस्त्यावर दहा-बारा किलोमीटर जा, शेवटी ब्रेक शक्य तितका कमी मारत थांबा. मग तळहाताची मागची बाजू प्रत्येक चाकाजवळ न्या. चाकाला हात लावू नका, भाजेल. माझ्या गाडीची तीन चाकं कोमट होती आणि चौथ्याजवळ तव्यासारखी धग होती, शिवाय जळका वास. जॅकवर उचलून ते चाक हाताने फिरवलं तर अर्धा फेराही जाईना.

दुरुस्ती छोटीशी: पिना काढून साफ करायच्या, फाटलेली रबरं बदलायची, नवं ग्रीस भरायचं. ग्रीस मात्र ब्रेकचंच हवं. साध्या ग्रीसने रबर फुगतं आणि पिन पुन्हा अडकते. पॅड एका बाजूला झिजले असतील तर दोन्ही चाकांचे बदला. माझी पुढची टाकी १६.४ ला गेली.

टायरची हवा तर बघाच, पण गाडी थंड असताना. दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर आकडा असतो. गरम टायरमध्ये मोजली तर हवा तीन-चार पीएसआय जास्त दिसते आणि आपण उगाच कमी करतो. पण दोन-चार पीएसआय कमी झाल्याने ॲव्हरेज १७ चं १२ होत नाही, हे ध्यानात ठेवा.

थर्मोस्टॅट काढून टाकणं

थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन तापेपर्यंत थंड करणारं पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप. "आपल्याकडे उन्हाळा कडक, थर्मोस्टॅट हवाय कशाला?" असं म्हणून तो काढून टाकणारे मेकॅनिक आजही भेटतात. कृपया काढू देऊ नका. थर्मोस्टॅट नसला किंवा उघडाच अडकला, की इंजिन पुरेसं तापत नाही. कॉम्प्युटरला वाटतं गाडी आत्ताच सुरू झालीय, आणि तो पेट्रोल जास्त सोडत राहतो. हायवेवर अर्ध्या तासाने तापमानाचा काटा मध्यापर्यंत चढत नसेल तर इथेच शंका घ्या. काटा नसलेल्या गाडीत स्कॅनरवर कूलंटचं (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचं) तापमान बघा. ते ९० अंशांच्या आसपास स्थिर हवं. स्कॅनर लावलाच आहे तर ऑक्सिजन सेन्सरचा (सायलेन्सरकडे जाणाऱ्या धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या भागाचा) बिघाडाचा कोडही बघून घ्या. तो सेन्सर बिघडला तरी हवा-पेट्रोलचं मिश्रण बिघडतं. चेक इंजिनचा दिवा लागलेला असताना बॅटरीची वायर काढून तो घालवणं म्हणजे ताप उतरवायला थर्मामीटर फोडणं.

पेट्रोलचा वास येत असेल तर मात्र यातलं काहीच करत बसू नका. गळती आहे. गाडी बंद ठेवा आणि मेकॅनिकला घरी बोलवा.

सगळं खापर इथेनॉलवर फोडणं

इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन-तृतीयांश ऊर्जा असते. त्यामुळे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमध्ये हिशेबाने सहा-सात टक्क्यांची घट निघते. जुन्या गाडीवाल्यांची त्याबद्दलची तक्रार खोटी नाही. पण माझी घट तीस टक्क्यांच्या जवळ होती. मीही दोन महिने इथेनॉललाच दोष देत बसले आणि तेवढ्यात एक पॅड लोखंडापर्यंत झिजला.

एक सवयही सोडा: घाट उतरताना गाडी न्यूट्रल करणं. इंजेक्शनच्या गाडीत गिअर ठेवून ॲक्सिलरेटर सोडला की इंजिनाला जाणारं पेट्रोल जवळपास बंदच होतं, कारण चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रलमध्ये उलट इंजिन चालू ठेवायला पेट्रोल लागतं आणि सगळा भार ब्रेकवर येतो. आंबा घाटासारख्या लांब उतारावर ब्रेक तापून निकामी होऊ शकतात. चढताना जो गिअर लागला असता, त्याच गिअरमध्ये उतरा.