दावा लावायचा आहे? आधी मुदत मोजा

कोकणातली जमिनीची भांडणं बहुतेक गणपतीत वर येतात. मुंबईकर गावी पोचतात तो गडगा (दगडी कुंपण) चार हात पुढे सरकलेला असतो, नाहीतर सातबाऱ्यावरून वडिलांचं नाव गेलेलं असतं. ‘मे महिन्यात बसून मिटवू’ असं ठरतं आणि असे कितीतरी मे जातात. घरच्या बैठकींनी कायद्याची मुदत थांबत नाही. वकिलाची नोटीस पाठवूनही सहसा ती थांबत नाही. 1963 च्या मुदत कायद्याच्या कलम 3 नुसार, समोरच्याने हरकत घेतली नाही तरी मुदतबाह्य दावा कोर्टाने फेटाळायचाच असतो.

म्हणून पहिलं काम, तारीख पक्की करा. पैसे कधी दिले, ताबा कधी गेला, दस्त कधी कळला, हे कागदावर लिहा आणि पुरावा सोबत ठेवा.

मग दाव्याचा प्रकार ओळखा. हातउसने पैसे किंवा उधारीवर दिलेल्या मालाची किंमत यासाठी 3 वर्षं. साठेखत (विक्रीचा करार) करून खरेदीखत देत नसेल तर ठरलेल्या तारखेपासून 3 वर्षं. तारीख ठरलेली नसेल तर नकार कळल्यापासून. फसवून घेतलेलं हक्कसोडपत्र रद्द करायला, फसवणूक कळल्यापासून 3 वर्षं. मालकीच्या आधारे जमिनीचा ताबा मागायला 12 वर्षं, आणि ही मुदत, ताबा तुमच्या हक्काविरुद्ध झाल्यापासून मोजतात. इथे सामाईक घरांत फार गैरसमज आहे. एक भाऊ गावी राहतो, बाग राखतो, एवढ्याने त्याचा ताबा दुसऱ्याविरुद्ध होत नाही. ‘तुझा यात हिस्सा नाही’ असं त्याने उघड सांगितलं आणि ते तुम्हाला कळलं, की मात्र जागे व्हा.

सगळ्यात कमी मुदत सहा महिन्यांची, आणि नेमकी तीच लोकांच्या हातून सुटते. कोणी बळजबरीने ताब्यातून काढलं, तर मालकी सिद्ध न करता ताबा परत मागण्याचा दावा सहा महिन्यांतच लावावा लागतो. वहिवाटीची वाट चिरे रचून अडवली, तर मामलेदार कोर्टात म्हणजे तहसीलदारांकडे अर्ज करायलाही तेवढेच महिने.

आता मोजणी. पहिला दिवस धरायचा नाही. 10 मे 2023 ला हापूसच्या पेट्या उधारीवर दिल्या, पैशाची तारीख ठरली नव्हती, तर शेवटचा दिवस 10 मे 2026. तो रविवार, त्या दिवशी कोर्ट बंद असल्याने, आणि पुढे उन्हाळी सुट्टी असेल तर तीही संपल्यावर, कोर्ट उघडेल त्याच दिवशी दावा दाखल झाला पाहिजे. 15 मार्च 2020 ते 28 फेब्रुवारी 2022 हा करोनाचा काळ सर्वोच्च न्यायालयाने मुदतीतून वगळला आहे, जुन्या येणे रकमेचा हिशोब करताना तो वजा करा.

व्यापारी पैसे देईन म्हणतो पण देत नाही? मुदत संपायच्या आत ‘इतके रुपये बाकी आहेत’ असं त्याच्या सहीने लिहून घ्या. त्या दिवसापासून नवी 3 वर्षं सुरू होतात. थोडे पैसे दिले तरी तसंच, पण दिल्याची नोंद त्याच्या हस्ताक्षरात किंवा सहीने हवी. तोंडी कबुलीचा इथे उपयोग नाही.

वारस अज्ञान (18 वर्षांखालचा) असेल तर तो सज्ञान झाल्यावर मुदत मोजतात, पण त्यानंतर जास्तीत जास्त 3 वर्षंच मिळतात. ‘उशीर माफ करा’ हा अर्ज अपिलाला चालतो, मूळ दाव्याला चालत नाही. तेव्हा वकिलाकडे जाताना सातबारा, फेरफार आणि तारखांचा तो कागद सोबत न्या, आणि शेवटच्या आठवड्याची वाट पाहू नका. मुद्रांक, नकला आणि वकीलपत्र यातच दिवस जातात.