काट्यावरचा जुना कॉम्प्युटर, ऑफिसातला नवा लॅपटॉप आणि न सापडणारा सर्वर

कापसाचा हंगाम लागला की आमच्या वणी-पांढरकवडा पट्ट्यातल्या जिनिंगांतून एकच फोन येतो: "भाऊ, सर्वर दिसून नाही राहिला." गेटवरच्या वजनकाट्याचा कॉम्प्युटर जुन्या विंडोजचा, मुनीमजींचा लॅपटॉप विंडोज ११ चा आणि मध्ये लिनक्स-सांबावरचा (सांबा म्हणजे लिनक्सवरच्या फाइली विंडोजला दाखवणारा प्रोग्राम) फाइल सर्वर. एकाला नाव सापडतं, दुसऱ्याला नाही.

तर राजेहो, पहिलं काम असं. विंडोज आणि आर दाबून रन उघडा, दोन बॅकस्लॅश आणि सर्वरचा आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा आकडी पत्ता, टाका. फोल्डर उघडलं, तर केबल, पासवर्ड, शेअरिंग सगळं ठीक. घोळ फक्त नावाचा. आयपीनंही उघडलं नाही, तर नावाच्या मागे लागू नका. काट्यावर अजून एक्सपी असेल तर त्याला एसएमबी-१ (फाइली देण्याघेण्याची जुनी भाषा) सोडून दुसरं काही बोलताच येत नाही, आणि सांबानं ते ४.११ पासून आपणहून बंद ठेवलंय. सर्वरवर ते परत उघडण्यापेक्षा काट्यावर निदान विंडोज ७ टाका. २०१७ चा वॉनाक्राय व्हायरस त्याच एसएमबी-१ च्या भोकातून पसरला होता.

आता नावाकडे. नावानं मशीन शोधायची जुनी पद्धत नेटबायोसची, १९८७ साली प्रमाण झालेली. तिच्यात नाव १६ बाइटांचं. १५ अक्षरं आपली, सोळावं सेवेच्या प्रकाराचं. गिरणीचं अख्खं नाव इंग्रजीत सर्वरला दिलं की पंधराच्या पुढचं कापलं जातं, मग जुनं मशीन एका नावानं ओळखतं, नवं दुसऱ्या. अंडरस्कोरही नको: नेटबायोसला चालतो, डीएनएसच्या (इंटरनेटची, नावावरून आयपी सांगणारी पद्धत) होस्टनावात, म्हणजे मशीनच्या नावात, बसत नाही. नाव आखूड ठेवा, फक्त इंग्रजी अक्षरं आणि आकडे. आणि राउटरमध्ये सर्वरचा आयपी राखून ठेवा, नाहीतर पुढचं सगळं वाया.

नेटबायोस नाव शोधतं ते दवंडी पिटून: यूडीपी १३७ या पोर्टवर सगळ्यांना विचारायचं, ज्याचं नाव तो उत्तर देईल. पण दवंडी शिवेपर्यंतच. राउटर ती पुढे जाऊ देत नाही. काटा गेटवर, ऑफिस आत, म्हणून कोणीतरी तिथे दुसरा वायफाय राउटर लावतो आणि वायर त्याच्या वॅन (बाहेरच्या इंटरनेटच्या) पोर्टात खुपसतो. झालं, दोन नेटवर्कं तयार. वायर लॅन (आतल्या नेटवर्कच्या) पोर्टात लावा, त्या राउटरचा स्वतःचा पत्ता बदला म्हणजे मुख्य राउटरशी टक्कर होणार नाही, आणि त्याचं डीएचसीपी (आपोआप आयपी वाटणं) बंद करा. निम्म्या तक्रारी इथंच मिटतात.

वायर बदलणं शक्य नसेल तर जुन्या मशीनवर एलएमहोस्ट्स, म्हणजे आयपी आणि नेटबायोस नावांच्या यादीची, फाइल लिहा. सिस्टम३२ च्या आत ड्रायव्हर्स, त्यात ईटीसी. तिथली एसएएम शेपटीची फाइल नुसता नमुना आहे, विंडोज ती वाचत नाही. शेपटीशिवाय सेव्ह करा. आधी आयपी, मग नाव, मग #पीआरई (नाव आधीच लक्षात ठेव असा इशारा), इंग्रजीत आणि कॅपिटलमध्येच. नंतर कमांडमध्ये एनबीटीस्टॅट, डॅश, कॅपिटल आर. छोटा आर दिला तर नुसते आकडे दाखवतो, फाइल पुन्हा वाचत नाही. डॅश छोटा सी दिल्यावर यादीत नाव आलं की काम झालं.

नव्या लॅपटॉपसाठी त्याच फोल्डरातली होस्ट्स फाइल. नोटपॅड ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा. आयपी आणि नाव, एवढंच. तपासायला पिंग वापरा. एनएसलुकअप नको, ते होस्ट्स बघतच नाही, थेट डीएनएसला विचारतं, आणि "नाव नाही" वाचून लोक बरोबर लिहिलेली ओळ खोडून टाकतात. पाच-सहा लॅपटॉपांसाठी वेगळा डीएनएस सर्वर मांडू नये असं माझं मत. तो त्याच डब्यावर, म्हणजे फाइल सर्वरवर, असला आणि डबा बंद पडला, तर फाइलींसोबत इंटरनेटही गेलं.

मग मुनीमजी म्हणतात, "नाव चालते, पण नेटवर्कमधी सर्वरचं चित्र काहून नाही?" ती वेगळी गोष्ट. चित्रांची जुनी यादी एसएमबी-१ वर उभी होती आणि २०१७ च्या विंडोज १० च्या १७०९ आवृत्तीपासून ते काढत आणलं गेलं. नवी यादी डब्ल्यूएस-डिस्कव्हरी नावाच्या शोधपद्धतीवर चालते. सांबाच्या सर्वरवर डब्ल्यूएसडीडी नावाचा छोटा प्रोग्राम टाकला की चित्र येतं. मी त्या भानगडीत पडत नाही. सर्वरचं फोल्डर लॅपटॉपला जोडून (मॅप करून) झेड ड्राइव्ह देतो, बिलं निघतात.

जुनी मशीनं बरीच असतील तर प्रत्येकावर फाइल लिहीत बसू नका. सांबाच्या सेटिंगमध्ये 'विन्स सपोर्ट' (विन्स म्हणजे नेटबायोस नावांची एका जागी ठेवलेली नोंदवही) चालू करा आणि सगळ्या जुन्या मशीनांच्या टीसीपी-आयपीत विन्स म्हणून सर्वरचा आयपी द्या. मग विचारणा थेट त्याच्याकडे जाते, राउटर ओलांडूनसुद्धा. फक्त सांबाच्या त्याच सेटिंगच्या फाइलमध्ये 'विन्स सर्वर' ची ओळ कोणी लिहून ठेवली असेल तर ती काढा, दोन्ही एकत्र ठेवायच्या नसतात.