३सी २७३ चा वर्णपट आणि अंतराचा हिशेब

सक्रिय दीर्घिकांचे (केंद्रातल्या कृष्णविवराभोवतीच्या वायूमुळे झळाळणाऱ्या) वर्णपट घ्यायचे असतील तर मी सरळ क्वेसारपासून, म्हणजे त्यांतल्या दूरच्या आणि अतितेजस्वी केंद्रापासून सुरुवात करायला सांगतो. एनजीसी ४१५१ सारखी सीफर्ट दीर्घिका जवळची आणि जास्त तेजस्वी, हे खरं. पण तिची ताम्रसृती (विश्वाच्या प्रसरणामुळे तरंगलांबीत झालेली प्रमाणशीर वाढ) जेमतेम ०.००३३. हायड्रोजनची एच-बीटा रेषा दीडएक नॅनोमीटर सरकते आणि साध्या ग्रेटिंगच्या (प्रकाश पसरून वर्णपट करणाऱ्या, बारीक रेषा आखलेल्या काचेच्या) चुकीतच बुडून जाते. कन्या तारकासमूहातला ३सी २७३ हा क्वेसार तेजस्वितेनं १२.९ प्रतीचा, तारकेसारखा ठिपका. त्याची एच-बीटा मात्र सत्तरपेक्षा जास्त नॅनोमीटर सरकलेली.

आठ इंची दुर्बीण आणि कॅमेऱ्यापुढे मिलिमीटरला १०० रेषांचं ग्रेटिंग एवढ्यावर भागतं. कृष्णविवराभोवतीचा वायू सेकंदाला हजारो किलोमीटर वेगानं फिरत असल्यामुळे रेषा चांगल्या रुंद असतात. फोकस ठिपक्यावर नको, वर्णपटावर करा. शेजारच्या ताऱ्याचा पट्टा अंगावर येत असेल तर ग्रेटिंग फिरवा. मग काहीही न हलवता ए वर्गाचा (हायड्रोजनच्या ठळक रेषा असलेला पांढरा) एखादा तारा टिपा: शून्य क्रमाच्या प्रतिमेपासून (ताऱ्याच्या न पसरलेल्या ठिपक्यापासून) त्याची एच-बीटा खाच (४८६.१ नॅनोमीटर) किती पिक्सेलवर आहे, त्यावरून पिक्सेलला किती नॅनोमीटर ते ठरतं.

खरी गंमत रेषा ओळखण्यात. एका उंचवट्यावरून कधीच निकाल देऊ नका. ताम्रसृतीनं सगळ्या तरंगलांबी एकाच पटीत वाढतात, त्यामुळे त्यांचं आपसातलं गुणोत्तर बदलत नाही. ५६३ आणि ५०२.६ नॅनोमीटरला उंचवटे दिसले तर भागून बघा: १.१२. एच-बीटा आणि हायड्रोजनचीच दुसरी रेषा एच-गामा यांच्या मूळ तरंगलांबींचं गुणोत्तरही तेवढंच. १९६३ मध्ये मार्टेन श्मिट यांनी याच क्वेसारात हायड्रोजनची ही ओळखीची रांग हेरली होती. एच-अल्फा ७६० ला येते, नेमकी आपल्या हवेतल्या ऑक्सिजनच्या पट्ट्यावर. तिचं शिखर कुरतडलेलं दिसतं, म्हणून मोजमापाला ती घेऊच नका.

आता ताम्रसृती: ५६३ भागिले ४८६.१, वजा १: ०.१५८. गुणिले प्रकाशवेग म्हणजे सेकंदाला सुमारे ४७,४०० किलोमीटर. हबल स्थिरांक (विश्वाच्या प्रसरणाचा दर) मेगापार्सेकला सेकंदाला ७० किलोमीटर धरून त्यानं भागलं तर अंतर ६७७ मेगापार्सेक, म्हणजे साधारण २.२ अब्ज प्रकाशवर्षं. हा भागाकार इथवरच ठीक. याहून लांबच्या क्वेसारांसाठी विश्वाच्या प्रसरणाचा बदलता वेग धरणारा कॉस्मॉलॉजी कॅल्क्युलेटर वापरा.