चाळकेवाडीला निघण्याआधी माउंटचा प्ले

अमावस्येला साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर दुर्बीण लावायची असेल, तर माउंटचं (दुर्बीण दोन अक्षांवर फिरवणाऱ्या बैठकीचं) काम आदल्या रविवारी दिवसाउजेडी घरीच उरकायचं. वरच्या वाऱ्यात, अंधारात, गवतात पडलेली एलन की चाचपडत मी एक अख्खी रात्र घालवली आहे.

दुखणं असं: हँडसेटवर (माउंटच्या रिमोटवर) उजवं बटण सोडून डावं दाबलं की मोटर गुणगुणते, पण तारा काही सेकंद जागचा हलत नाही. साताऱ्याच्या एमआयडीसीतल्या कुठल्याही टर्नरला सांगा, तो हसेल. लेथचं हँडल उलटं फिरवलं की आधी थोडं रिकामं जातं, तेच हे. वर्म (मोटरने फिरणारा मळसूत्री दांडा) आणि वर्म व्हील (त्याने फिरणारं दातेरी चाक) यांच्या दात्यांत फट पडलेली असते; हाच प्ले, म्हणजे ढिलाई.

तरी लगेच फट आवळायला जाऊ नका. आधी ट्रायपॉडचे बोल्ट, दुर्बिणीखालची डव्हटेल पट्टी आणि दोन्ही क्लच (अक्ष धरून ठेवणाऱ्या पकडी) घट्ट करा. मग नळीचं टोक दोन बोटांनी हलकेच मागेपुढे करा आणि दुसऱ्या हाताचं बोट वर्मच्या पेटीवर ठेवा, म्हणजे ‘टक्’ नेमकं कुठे होतंय ते कळतं. वर्म लांबीत सरकत असेल तर त्याच्या बेअरिंगचा नट सैल आहे. मोटरच्या गिअरचा ग्रब स्क्रू (गिअर दांड्यावर आवळणारा छोटा स्क्रू) सुटला असेल तर दात्यांचा काही दोषच नाही. हे न बघता मी दोनदा उगाच फट आवळली.

आता मोजमाप. ट्रॅकिंग (ताऱ्यामागे आपोआप फिरणं) बंद करा, गच्चीवरून लांबचा मोबाइल टॉवर रेषावाल्या आयपीसमध्ये धरा, वेग १ एक्स, म्हणजे आकाश फिरतं तेवढा ठेवा. एका दिशेने थोडं चालवून उलटं बटण दाबा आणि चित्र हलेपर्यंत सेकंद मोजा. या वेगाला सेकंदाला सुमारे १५ आर्कसेकंद (६० आर्कसेकंद म्हणजे १ आर्कमिनिट, अंशाचा साठावा भाग) सरकतात, म्हणजे ४ सेकंद गेले तर १ आर्कमिनिट ढिलाई. दोन्ही अक्षांचे आकडे वहीत लिहा.

बऱ्याच माउंटवर वर्मच्या पेटीला समोरासमोर दोन स्क्रू असतात. फट कमी करायला त्यातला एक स्क्रू फेऱ्याच्या आठव्या भागाइतका सैल करा, दुसरा तेवढाच आत. यापेक्षा जास्त एका वेळी नाही. मग नळी आणि तोलाची वजनं उतरवून अक्ष मोटरनेच पूर्ण ३६० अंश फिरवा. व्हील तंतोतंत गोल नसतं, त्यामुळे इथे छान बसलेली जोडी पलीकडे आवळते आणि मोटर कण्हायला लागते. सगळ्यात घट्ट जागा धरून जुळवा, आणि फट शून्यावर आणायचा हट्ट नको. डिसेंबरात वर ग्रीसही जड होतं.

उरलेली ढिलाई हँडसेटच्या बॅकलॅश सेटिंगमध्ये भरा, पण हे सगळ्यात शेवटी. पठारावर तोल साधताना पूर्वेची बाजू किंचित जड ठेवा, म्हणजे दाते एकाच अंगाला टेकून राहतात. साताऱ्यात ध्रुव क्षितिजापासून जेमतेम साडेसतरा-पावणेअठरा अंशांवर असतो. माउंटचा अक्ष त्याच्याकडे इतक्या खाली झुकवल्यावर काही माउंटची वजनाची दांडी ट्रायपॉडच्या पायाला अडते, तेही घरीच तपासा. एलन कीचा संच बॅगेत असू द्या, पण वर गेल्यावर तो फक्त डव्हटेलसाठी काढायचा.