छातीच्या पट्टीसाठी २.४५ गीगाहर्ट्झचा कापडी अँटेना

ईसीजीच्या पट्टीत ब्लूटूथ अँटेना बसवताना खरी अडचण शरीराचीच असते. या फ्रिक्वेन्सीला स्नायूंची परमिटिव्हिटी (विद्युतक्षेत्राला पदार्थ किती प्रतिसाद देतो ते; हवेची १) सुमारे ५३ भरते. साधा मोनोपोल (एका दांडीचा अँटेना) त्वचेला टेकला की ट्यूनिंग खाली घसरतं आणि बरीचशी ऊर्जा शरीर पिऊन टाकतं. म्हणून त्वचेच्या बाजूला ग्राउंड, म्हणजे वाहक कापडाचा सलग थर, हवंच. फेल्टवरचा पूर्ण पॅच (ग्राउंडसमोरचा वाहक तुकडा) ५० मिमी लांब होतो. एक कड ग्राउंडला शॉर्ट केली (थेट जोडली) की निम्म्यात भागतं.

३ मिमी जाडीचं फेल्ट (परमिटिव्हिटी सुमारे १.३) आणि तांबे-निकेलचा मुलामा दिलेलं पॉलिएस्टर कापड घ्या. ग्राउंड ४० × ५० मिमी, पॅच २७ × ३० मिमी. दुमडायचं कापड वेगळं धरा. हिशेबाने लांबी २५ मिमी येते, वरचे २ मिमी कापून ट्यून करण्यासाठी. ३० मिमीची कड फेल्टवरून खाली वळवून ग्राउंडला पूर्ण रुंदीभर चिकटवा. दोन-चार टाक्यांवर भागवलंत तर फ्रिक्वेन्सी खाली जाते. को-अ‍ॅक्स केबलची जाळी ग्राउंडला, मधली तार फेल्टमधून पॅचला, शॉर्टपासून साधारण ५ मिमीवर. इम्पीडन्स (प्रवाहाला होणारा एकूण अडथळा) कमी दिसला तर फीड (तार जोडायची जागा) मोकळ्या कडेकडे सरकवा. नेहमीच्या सोल्डरिंगने पॉलिएस्टर वितळतं. कंडक्टिव्ह इपॉक्सी वापरा.

ट्यूनिंग अंगावर घालूनच करा. मोकळी कड अर्धा-अर्धा मिमी कापा, कारण १ मिमीला फ्रिक्वेन्सी सुमारे ९० मेगाहर्ट्झ वर सरकते आणि अख्खा बँडच ८३.५ मेगाहर्ट्झचा आहे.

सगळ्यात जास्त फसवतो तो एस-११चा, म्हणजे अँटेनाकडून किती शक्ती परत येते त्याचा आलेख. उणे १० डीबी म्हणजे १० टक्के शक्ती परत आली, एवढंच. उरलेली हवेत गेली की शरीरात मुरली, हे त्यावरून कळत नाही; ग्राउंड फाटलेला अँटेनाही अंगावर सुंदर खळगा दाखवू शकतो. म्हणून रिसीव्हर २ मीटरवर ठेवून आरएसएसआय (मिळणाऱ्या सिग्नलची ताकद) दोनदा नोंदवा: पट्टी मोकळी टांगून आणि अंगावर घालून. मोजताना केबल मुठीत धरून पाहा. आलेख हलला तर केबलच अँटेना झाली आहे. अँटेनाजवळ फेराइट मणी चढवा.

सार (SAR, म्हणजे शरीर दर किलोमागे किती रेडिओ शक्ती शोषतं) मर्यादेचं दडपण १ मिलीवॉटला नको: सगळी शक्ती १ ग्रॅम ऊतीत शिरली तरी १ वॉट प्रति किलो होते, मर्यादा १.६ आहे.

घामाला मात्र हलक्यात घेऊ नका. पाण्याची परमिटिव्हिटी ७८च्या आसपास, त्यामुळे भिजलेलं फेल्ट ट्यूनिंग पार बिघडवतं. पातळ टीपीयू (लवचीक प्लास्टिक) फिल्ममध्ये चारही कडा सील करा. फिल्मनेही फ्रिक्वेन्सी थोडी उतरते आणि सीलनंतर कापता येत नाही. तेव्हा पहिला नग सील करून किती उतरली ते मोजा आणि पुढचा तेवढा आखूड कापा. मग मिठाचं पाणी फवारून पुन्हा मोजा. आलेख सरकला तर केबल बाहेर येते ती जागा आधी तपासा.